व्रिनची गावकी

1 जानेवारी 2013 रोजी स्वित्झर्लंडच्या सरकारी यादीतून आठ पंचायती कमी झाल्या आणि त्यांच्या जागी एक नवं नाव आलं, लुमनेत्सिया. कुम्बेल, देगेन, लुम्ब्राइन, मोरिसेन, सुराउआ, वेल्ला, विन्योन आणि व्रिन. एकाच खोऱ्यातली ही गावं. आठही मिळून वस्ती दोन हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम गावाएवढी. यातल्या सात गावांची नावं खोऱ्याबाहेर फार कुणाला ठाऊक नव्हती. आठव्याचं मात्र तसं नव्हतं. व्रिनमध्ये माणसं जेमतेम अडीचशे, पण गोठे कसे बांधावेत हे पाहायला युरोपभरातून वास्तुशास्त्राचे विद्यार्थी तिथे येत. 1998 साली या गावाला वाकर पुरस्कार मिळाला. वारसा जपणाऱ्या गावांना आणि शहरांना स्वित्झर्लंडमध्ये दिला जाणारा हा मानाचा पुरस्कार. डोंगरातलं शेतकरी गाव वाचवायचं कसं, असा प्रश्न निघाला की उत्तरादाखल व्रिनचं नाव निघे.

आणि त्याच गावाने पंधरा वर्षांत स्वतःची पंचायत मोडली. कुणी जबरदस्ती केली नव्हती, मतदानाने मोडली. नमुना म्हणून मिरवलं गेलेलं गाव स्वतःचा कारभार सोडून का देतं, आणि सोडल्यावर त्याच्या हातात काय उरतं, हे समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागेल.

आपल्या सहली जिथे जातात त्या स्वित्झर्लंडमध्ये हे खोरं येत नाही. टिटलिस आणि युंगफ्राउ इथून बरेच दूर. व्रिनला जायचं तर देशाच्या आग्नेय कोपऱ्यातल्या ग्राउब्युंडेन या कॅन्टनची, म्हणजे तिथल्या राज्याची, राजधानी कूर गाठायची आणि तिथून रेटियन रेल्वेची लाल गाडी पकडायची. राइन नदीने जुन्या दरडीच्या ढिगातून कोरून काढलेल्या पांढऱ्या घळीतून ती इलान्त्सला पोचते. तिथून टपालखात्याची पिवळी बस. ही बस वळणं घेत खोऱ्याच्या कुशीतली गावं एकेक करून मागे टाकते आणि डांबरी रस्ता जवळपास संपतो तिथे, 1448 मीटर उंचीवर, व्रिनला थांबते. त्यापुढे वाड्या आहेत, कुरणं आहेत आणि ग्रायनाच्या पठाराकडे जाणारी पायवाट.

गावात शिरल्यावर आधी दिसतो तो चर्चचा मनोरा. सतराव्या शतकाच्या अखेरीस दक्षिणेकडून आलेल्या कारागिराने बांधलेलं बरोक वळणाचं हे चर्च गावाच्या मानाने अंमळ मोठंच आहे. शेजारी अस्थिगृह, त्याच्या वळचणीखाली कवट्यांची ओळ मांडलेली. पूर्वजांना इतकं समोरासमोर ठेवून जगण्याची सवय असलेलं हे गाव आहे. चर्चभोवती लाकडी घरं दाटीने उभी आहेत. ओंडके कोपऱ्यावर एकमेकांत अडकवून, खिळ्यावाचून भिंत रचायची इथली जुनी पद्धत. दक्षिणेकडच्या भिंती उन्हाने तपकिरीच्या काळ्या झाल्यात. गावात बोलली जाते रोमान्श भाषा, तीही सुरसिल्वान बोलीतली. 1938 साली सार्वमताने रोमान्शला देशाची चौथी राष्ट्रभाषा मानलं गेलं. बोलणारे मात्र साऱ्या देशात मिळून लाखभरही नाहीत.

आता इथल्या पंचायतीबद्दल. गेमाइंडे म्हणजे ग्रामपंचायत, असं सोयीसाठी म्हणता येतं, पण आपल्या ग्रामपंचायतीला जे स्वप्नातही मिळत नाही ते तिच्याकडे असतं. आयकराचा स्थानिक दर ती स्वतः ठरवते. कुठे घर बांधता येईल आणि कुठे येणार नाही, हे ती आखते. परदेशी माणसाला नागरिकत्व द्यायचं की नाही, याचा पहिला शब्द तिचा. ग्राउब्युंडेनमध्ये तर नदीनाल्यांच्या पाण्यावरचा हक्कही पंचायतीचा. वीज कंपनीला धरण बांधायचं असेल तर परवाना गावाकडून घ्यावा लागतो आणि पाण्याचं भाडं गावाला द्यावं लागतं. स्विस पासपोर्टवर जन्मस्थळ नसतं, मूळ गाव असतं. ज्याच्या पणजोबाने व्रिन सोडलं, त्याच्याही पासपोर्टवर विलीनीकरणाआधी व्रिनच. एवढा अधिकार अडीचशे माणसांच्या हाती, आणि तो चालवणारे सगळे हौशी: दिवसा गुरं बघणारा, सुतारकाम करणारा, शाळेत शिकवणारा माणूस संध्याकाळी पंचायतीच्या टेबलावर. मानधन नावापुरतं.

व्रिनने हा अधिकार वापरून काय केलं, इथून खरी गोष्ट सुरू होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर आल्प्समधल्या शेतकरी गावांपुढे दोनच वाटा दिसत होत्या. पहिली, हॉटेलं आणि स्कीच्या तारा उभारून पर्यटनाचं गाव व्हायचं. दुसरी, तरुण माणसं खाली शहरात जाताना बघत बसायचं. पहिल्या वाटेने गेलेल्या गावांत शहरवासीयांनी सुट्टीची घरं बांधली, जमिनीचे भाव चढले, आणि गावातल्याच पोराला घर बांधायला जागा परवडेना. वर्षातून तीन आठवडे उघडणाऱ्या खिडक्यांची गावं तयार झाली. हा प्रकार इतका वाढला की 2012 च्या मार्चमध्ये देशाने सार्वमत घेऊन अशा दुसऱ्या घरांवर वीस टक्क्यांची मर्यादा घातली. कोकणात ज्यांनी बंद बंगल्यांच्या वसाहती पाहिल्यात त्यांना वेगळं समजावून सांगायला नको.

व्रिनने ही मर्यादा देशाच्या आधी बरीच वर्षं स्वतःवर घालून घेतली होती, तीही कायदा न करता. 1979 मध्ये ‘प्रो व्रिन’ ही संस्था उभी राहिली. झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठातले कृषी-अर्थशास्त्रज्ञ पेटर रीडर शेजारच्याच वाल्स खोऱ्यातले. डोंगरी शेतीचं गणित त्यांना पुस्तकातूनही माहीत होतं आणि घरातूनही. त्यांच्यासारख्यांची मदत, कॅन्टनचा पाठिंबा आणि गावकऱ्यांचा हेका यांतून एक साधा, पण धाडसी निर्णय झाला: गावातली बांधकामायोग्य मोकळी जमीन गावानेच विकत घ्यायची. म्हणजे बाहेरचा पैसेवाला आला तरी त्याला विकायला कुणाकडे प्लॉटच नाही. राहायला येणाऱ्याला गाव जमीन देईल, सट्टा खेळणाऱ्याला नाही.

दुसरं काम होतं जमिनीच्या तुकड्यांचं. वारसाहक्काने पिढ्यान्‌पिढ्या वाटण्या होऊन एकेका शेतकऱ्याची कुरणं डोंगरभर विखुरली होती. एका टोकाचं गवत कापून दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत दिवस मोडायचा. आपल्याकडे 1947 च्या तुकडेबंदी कायद्याने जे करायला घेतलं आणि गावोगावच्या बांधाच्या भांडणांत जे रुतलं, तेच एकत्रीकरण व्रिनमध्ये झालं. सोपं नव्हतं. बापजाद्यांची उन्हाची जमीन देऊन त्याबदली सावलीतली कोण घेईल? पण तुकडे जुळले, ट्रॅक्टर जाईल असे रस्ते निघाले, आणि शेती पुन्हा करण्याजोगी झाली.

तिसरं काम गोठ्यांचं. जुने गोठे घरांमध्ये, गावाच्या पोटात, अंधारे आणि ठेंगणे. जनावरांना किती जागा, किती उजेड हवा याचे नवे नियम आले तेव्हा त्यात ते बसेनात. कुठल्याही कॅटलॉगमधून पत्र्याची मोठी शेड आणून गावाबाहेर ठोकणं स्वस्त पडलं असतं. आल्प्समध्ये हजारो ठिकाणी तेच झालं आहे. व्रिनला इथे एक माणूस घरचाच मिळाला. गिओन कामिनादा, जन्म 1957, व्रिनचाच. आधी सुतार, मग कलाशाळा, मग ईटीएचमध्ये वास्तुशास्त्र, आणि पुढे तिथेच प्राध्यापक. त्याने मोठे गोठे गावाच्या कडेला असे बसवले की उतार जसा वळतो तशी त्यांची छपरं वळावीत. लाकूड स्थानिक, सुतार स्थानिक, काम करणारी पोरंही तिथलीच. इमारतीवर खर्च झालेला पैसा गावातच फिरावा, हा हिशेब त्यात होता. कामिनादाचं कौतुक करताना वास्तुशास्त्राची मासिकं हा हिशेब बहुधा विसरतात आणि लाकडाच्या पोताबद्दल लिहीत बसतात.

त्या गोठ्यांच्या जवळच गावाने स्वतःचा कत्तलखाना बांधला. खालचा भाग दगडी, धुवायला सोपा. वर लाकडी माडी. तोवर जनावर जिवंत विकलं जायचं, व्यापारी ठरवेल त्या भावाने. आता ते इथेच कापलं जातं, मांस इथल्याच कोरड्या हवेत वाळवलं जातं, आणि वाळवलेल्या मांसाचा भाव जिवंत जनावराच्या भावापेक्षा कितीतरी वरचा. दुधाच्या डेअरीने पश्चिम महाराष्ट्रात जे केलं, ते इथे मांसाने केलं म्हणायला हरकत नाही. शेतकऱ्यांची सहकारी संस्था हा कत्तलखाना चालवते. ‘सहकारी’ हा शब्द पुढे कामाला येणार आहे.

गावात कामिनादाने आणखीही बरंच केलं. 1995 चं बहुउद्देशीय सभागृह, ज्याच्या छताला इंजिनिअर युर्ग कॉन्त्सेट याने लाकडाच्या पातळ पट्ट्यांनी ताणून धरलं आहे. 1997 चं टेलिफोन बूथ, ओंडक्यांच्या त्याच जुन्या पद्धतीने रचलेलं. सगळ्या देशात सारखं मिळणारं काचेचं खोकं इथे बसवलं गेलं नाही. पण मला जिच्यापाशी थांबावंसं वाटतं ती इमारत 2002 ची, ‘स्तिवा दा मोर्त्स’, मृतांची बैठक.

पूर्वी व्रिनमध्ये माणूस गेला की त्याला घरच्याच बैठकीच्या खोलीत ठेवायचे. शेजारी यायचे, प्रार्थना म्हणायचे, बसायचे, बोलायचे. नव्या लहान घरांत ते जमेना. शहरांसारखं थंड शवागार बांधून मोकळं व्हायचं नव्हतं. मग वर्षानुवर्षं चर्चा झाली, गावकऱ्यांशी, घरोघर. निघालं ते चर्चच्या आवाराच्या कडेला, उतारावर उभं असलेलं एक छोटं लाकडी घर. बाहेरून पांढरं रंगवलेलं, म्हणजे चर्चच्या चुनेगच्चीशी नातं सांगणारं. पण रचना ओंडक्यांची, म्हणजे घरांशी नातं सांगणारी. आत एक खोली मृतासाठी आणि एक जिवंतांसाठी, जिथे कॉफी करता येते आणि हळू आवाजात गप्पा मारता येतात. दारं दोन. एक चर्चच्या बाजूला, एक गावाच्या बाजूला. खिडक्या खोल, आत बसता येईल अशा, बाहेरचं बघत. शोक करणाऱ्याला कधी लोकांत बसावंसं वाटतं आणि कधी उठून दूर जावंसं वाटतं, या दोन्हींची सोय त्या छोट्या घरात आहे. भिंतीवर नाव नाही, पाटी नाही. सुतकाचं घर अनुभवलेल्या कुणालाही ते आपोआप कळेल.

एवढं सगळं करणाऱ्या गावाची आणखी एक मोठी मालमत्ता होती, जी त्याने न वापरता ठेवली. व्रिनच्या वर, डिसरुट खिंडीपलीकडे ग्रायनाचं पठार आहे. दोन हजार दोनशे मीटरच्या उंचीवर सपाट, झाडं नसलेलं, पाण्याच्या असंख्य धारांनी विणलेलं. वीज कंपन्यांची नजर 1940 च्या दशकाच्या अखेरीपासून त्यावर होती. इथे धरण बांधून पठार बुडवायचं आणि पाणी खाली सोडून वीज करायची. व्रिन आणि पलीकडच्या खोऱ्यातलं सुमविच यांना पाण्याचं भाडं मिळणार होतं, आणि डोंगरातल्या गरीब पंचायतीला अशा भाड्याइतकं भरवशाचं दुसरं उत्पन्न नसतं. शेजारच्या वाल्स खोऱ्यात झेरव्राइला धरणाने 1950 च्या दशकात एक वाडी पाण्याखाली घातलीच होती.

ग्रायनासाठी मात्र देशभरातून विरोध उभा राहिला. चित्रकार, गिर्यारोहक, निसर्गवादी. 1986 मध्ये कंपनीने प्रकल्प सोडला. पठार वाचलं, पण भाडं बुडालं ते गावांचं. सौंदर्य सगळ्या देशाचं आणि तोटा दोन गावांचा, हे कसं चालेल? या प्रश्नाला स्वित्झर्लंडने दिलेलं उत्तर मला त्या देशातल्या घड्याळांपेक्षा अचूक वाटतं. निसर्गासाठी जी पंचायत धरण नाकारते तिला केंद्र सरकारने बुडालेल्या भाड्यापोटी चाळीस वर्षं भरपाई द्यायची, अशी तरतूद झाली. 1992 च्या सार्वमतात जलसंरक्षणाचा कायदा मंजूर झाला, आणि 1990 च्या दशकाच्या मध्यापासून व्रिन आणि सुमविचला ही रक्कम मिळू लागली. न बांधलेल्या धरणाचं भाडं.

मग एवढं सगळं असताना पंचायत का मोडली?

लागतात ती माणसं मिळेनात, हे पहिलं कारण. अडीचशेतून मुलं, म्हातारी आणि बाहेर कामाला जाणारे वजा केले की पंचायतीच्या खुर्च्या भरायला माणसं किती उरतात? तेही पुन्हा पुन्हा तेच. दुसरीकडे काम वाढत गेलं: बांधकाम परवान्यांचे नियम, सांडपाणी, शाळा, वृद्धांची काळजी, कॅन्टनला द्यायचे अहवाल. दिवसभर गुरं बघून संध्याकाळी कायद्याची कलमं वाचणाऱ्या माणसाला एक दिवस कंटाळा येतोच. शाळेत पटसंख्या घसरत होती. आणि कॅन्टनचं धोरण स्पष्ट होतं: लहान पंचायती कमी करायच्या, एकत्र येणाऱ्यांना पैसे द्यायचे. 2000 च्या सुमारास ग्राउब्युंडेनमध्ये दोनशेवर पंचायती होत्या. आज शंभराच्या घरात आहेत. साऱ्या देशात 1850 मध्ये तीन हजार दोनशेच्या आसपास होत्या, आता एकवीसशेच्या. लुमनेत्सियातल्या सुराउआचंच बघा. कामुन्स, सुरकास्ती, तेर्सनाउस आणि उओर्स-पाइडेन मिळून ती 2002 मध्ये झाली होती. त्यातलं उओर्स-पाइडेन हे 1963 मध्ये दोन गावं जोडून झालेलं. म्हणजे पाइडेनच्या एखाद्या आजीने एकाच घरात, एकाच चुलीपाशी बसून चार पंचायती पाहिल्या.

याहून घाऊक प्रकार शेजारच्या ग्लारुस कॅन्टनमध्ये झाला. तिथे अजूनही मे महिन्यात चौकात भरणारी खुली नागरिकसभा कायदे करते, हात वर करून. 2006 च्या सभेत सरकारचा प्रस्ताव होता पंचवीस पंचायतींच्या दहा करण्याचा. सभेतून एका नागरिकाने उठून सुचवलं, दहा कशाला, तीनच करा. आणि हात वर गेले! सरकारही अवाक झालं. पुढल्या वर्षी विरोधकांनी खास सभा बोलावायला लावली, तिथेही तीनचाच निर्णय कायम राहिला, आणि 2011 पासून ग्लारुस तीन पंचायतींचं झालं. त्यात एल्म हे गाव ग्लारुस स्युडमध्ये गेलं. 1881 मध्ये पाटीच्या दगडाच्या खाणीमुळे डोंगर कोसळून 114 माणसं गेली ते हे एल्म; त्यातून उभं राहिलेलं, जपलेलं, आणि 1981 मध्ये वाकर पुरस्कार मिळवलेलं.

इथे एक गंमत आहे, कडवट म्हणावी अशी. वाकर पुरस्कार पंचायतीला दिला जातो. डोंगरातल्या विजेत्यांची यादी काढून बघितली तर एल्म (1981) आज पंचायत नाही. एंगाडीन खोऱ्यातलं ग्वार्दा (1975) 2015 मध्ये श्कुओलमध्ये गेलं. तिचीनो कॅन्टनमधलं मोन्ते कारास्सो (1993) 2017 मध्ये बेलिन्झोना शहरात विरलं. व्रिन (1998) लुमनेत्सियात. गाव सुंदर राखण्यासाठी गौरवलेल्या गावांना गाव म्हणून टिकता आलं नाही, असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. पण यादीत ब्रेगालियाही आहे: पाच पंचायती 2010 मध्ये एक झाल्या आणि 2015 मध्ये त्या एकत्रित पंचायतीला तोच पुरस्कार मिळाला. तेव्हा निष्कर्षाची घाई नको.

पुण्याजवळच्या वाचकाला यात एक फरक लगेच दिसेल. 2017 मध्ये अकरा आणि 2021 मध्ये तेवीस गावं पुणे महापालिकेत आली ती राज्य सरकारच्या अधिसूचनेने. हरकती मागवल्या गेल्या, पण गावाने मत टाकून ठरवलं असं झालं नाही. व्रिनमध्ये निर्णय मतपेटीतून आला. मोडणाऱ्यांनीच मोडली. त्याने दुःख कमी होतं का, हे मला सांगता येणार नाही. भांडण मात्र नक्की कमी होतं.

शिवाय खोऱ्याने एक होणं ही तिथे नवलाईची गोष्टही नाही. पंचायती आजच्या रूपात आल्या त्या एकोणिसाव्या शतकात. त्याआधी शेकडो वर्षं लुमनेत्सिया हे अख्खं खोरं एकच न्यायसभा होतं, करडा संघ नावाच्या जुन्या युतीचा एक घटक. वेल्लाजवळच्या प्लाइफचं चर्च सगळ्या खोऱ्याचं मूळ चर्च होतं. व्रिनच्या माणसाला बाप्तिस्म्याला आणि दफनाला तिथवर उतरावं लागे. खोऱ्याच्या तोंडाशी पोर्क्लास नावाचा दगडी दरवाजा आजही उभा आहे. 1352 च्या लढाईत पुरुष वर डोंगरात लढत असताना खोऱ्यातल्या बायकांनी तो दरवाजा राखला, असं सांगतात, आणि म्हणून त्यांना चर्चमध्ये उजव्या बाजूला बसण्याचा मान मिळाला. दंतकथा खरी की खोटी हा भाग सोडा. ती कुठल्या एका गावाची नाही, खोऱ्याची आहे, हे महत्त्वाचं. 2013 ची पंचायत जुन्याच वेशीवर येऊन थांबली.

माझं मत मात्र थोडं तिरकं आहे. हे विलीनीकरण 1970 च्या दशकात झालं असतं तर व्रिनने जमीन विकत घेतली असती का? मला शंका आहे. खोऱ्यात वेल्ला, मोरिसेनकडच्या बाजूला स्कीच्या तारा आहेत, सुट्टीच्या घरांना तिकडे मागणी आहे. आठ गावांच्या सभेत शेवटच्या टोकाच्या एका गावाने उठून म्हणावं की आमच्या इथला प्रत्येक मोकळा प्लॉट सार्वजनिक पैशाने घ्या आणि कुणाला विकू नका, तर बाकीच्या सात गावांनी ते का मान्य करावं? तो निर्णय होऊ शकला कारण ठरवणाऱ्या प्रत्येकाला तो प्लॉट कुणाचा, त्याचा पोरगा कुठे कामाला, आणि तो विकला गेला तर समोर कुणाचं घर अंधारात जाईल, हे माहीत होतं. लहान पंचायत कारभारात कच्ची असते. पण एखादवेळी एकच मोठा निर्णय घ्यायला ती मोठ्या पंचायतीपेक्षा पक्की ठरते.

पण लहान पंचायत चुकतेही, आणि तितक्याच ठामपणे. डोंगरापलीकडच्या वाल्सने आपली पंचायत मोडली नाही. उलट 2014 मध्ये शेजारचं सांक्ट मार्टिन आपल्यात घेतलं. या वाल्सने 1980 च्या दशकात बुडालेलं हॉटेल विकत घेतलं आणि पेटर झुमथोर या वास्तुशास्त्रज्ञाकडून गरम पाण्याच्या झऱ्यांवर दगडी स्नानगृह बांधून घेतलं. 1996 मध्ये ते उघडलं आणि जगभर गाजलं. खेड्याच्या मालकीचं, जागतिक कीर्तीचं! आणि 2012 मध्ये गावसभेनेच ते एका गुंतवणूकदाराला विकलं. झुमथोर ज्या गटात होते त्या गटाचा प्रस्ताव नाकारला गेला. पंचायत शाबूत राहिली, पण तिची सर्वांत मोठी कमाई दुसऱ्याच्या हाती गेली.

व्रिनकडे परत बघितलं की दिसतं ते उलट. पंचायत गेली, पण कत्तलखाना सहकारी संस्थेचा होता, तो शेतकऱ्यांकडे राहिला. गोठे ज्याचे त्याचे. कुरणांचं एकत्रीकरण जमिनीवर उतरलेलं, ते मागे फिरवता येत नाही. टपालाचा पत्ता अजून 7149 व्रिन. स्तिवा दा मोर्त्समध्ये गावातलाच माणूस ठेवला जातो. जे गावाने पंचायतीच्या नावावर ठेवलं होतं, म्हणजे विकत घेतलेली जमीन, जंगल, पाणी, ग्रायनाची भरपाई, ते नव्या पंचायतीच्या वहीत गेलं. नियम साधा आहे: विलीन होणाऱ्या पंचायतीचे हक्क आणि देणी दोन्ही नव्या पंचायतीकडे. न बांधलेल्या धरणाचं भाडं आता आठ गावांच्या तिजोरीत येतं. सर्वसाधारण नियमाने पासपोर्टवरच्या मूळ गावाच्या रकान्यातही नव्या पंचायतीचं नाव येतं. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी गाव सोडून गेलेल्याचा पणतू, ज्याने खोरं कधी पाहिलेलं नाही, तोही आता लुमनेत्सियाचा.

भाषेच्या बाबतीत या लोकांना एकत्र येण्याचा अनुभव आधीच होता, आणि तो फारसा गोड नव्हता. रोमान्शच्या पाच लिखित बोलींना जोडून 1982 मध्ये हाइनरिश श्मिड यांनी एक प्रमाण लेखी भाषा तयार केली, रुमान्च ग्रिशुन. सरकारी कागदांसाठी ती चालली. शाळांत आणली तेव्हा बऱ्याच गावांनी काही वर्षांत तिला परत पाठवलं आणि मुलांना पुन्हा आपल्याच बोलीत शिकवायला घेतलं. कचेरीत एकत्र, वर्गात आपलं आपलं, अशी वाटणी त्यांनी स्वतः काढली. मला वाटतं पंचायतीचंही तसंच काहीसं चाललं आहे: अर्ज नव्या पंचायतीच्या वेल्लातल्या कचेरीला, आणि गवत कधी कापायचं ते व्रिनमध्ये.

या वाटणीची पहिली मोठी परीक्षा 27 नोव्हेंबर 2016 ला झाली. ग्रायनाचं पठार गाभ्यात धरून पार्क आदुला नावाचं राष्ट्रीय उद्यान करायचं ठरत होतं. स्वित्झर्लंडमधलं दुसरं राष्ट्रीय उद्यान, पहिल्याच्या शंभर वर्षांनंतरचं. ग्राउब्युंडेन आणि तिचीनो या दोन कॅन्टनमधल्या सतरा पंचायतींनी स्वतंत्रपणे मत द्यायचं होतं, आणि त्यातल्या निदान तेरांचा होकार हवा होता. गाभ्याच्या प्रदेशात पायवाट सोडून चालता येणार नाही, शिकारीला बंदी, चराईला अटी. डोंगरातल्या माणसाला हे ऐकायला आवडत नाही, मग ते शहरवासीयांना कितीही आवडो. आठ पंचायतींनी नकार दिला आणि उद्यान बारगळलं.

मत देणाऱ्या सतरांच्या यादीत व्रिन नव्हतं. लुमनेत्सिया होतं. ग्रायनाला एकेकाळी हो किंवा नाही म्हणायचा अधिकार व्रिन आणि सुमविचचा होता; 2016 मध्ये व्रिनची मतं आठ गावांच्या बेरजेत मिसळली आणि सतरांतलं एक मत म्हणून मोजली गेली. भरपाईची चाळीस वर्षं 2030 च्या दशकात सरतील. तेव्हा त्या पठाराचं पुढे काय करायचं, पैसा मागायचा तर कुणी आणि कशाच्या बदल्यात, हे प्रश्न वेल्लाच्या कचेरीत येतील. व्रिनमधून तिथे जाणारी बस तीच पिवळी आहे. ती वेल्लाला थांबून पुढे इलान्त्सला जाते, आणि सभा उशिरा संपली तर परतीची शेवटची गाडी कितीला आहे हे व्रिनच्या सदस्याला आधी बघून ठेवावं लागतं.